कै. डॉ. भाऊ दाजी लाड

वाशीमकर ज्ञातिबांधवांनी ज्यांचे ऋण विशेषत्वाने मानावे, असे आमच्या सारस्वत समाजातील थोर धन्वंतरी म्हणजे कै. डॉ. रामकृष्ण विठ्ठल ऊर्फ भाऊ दाजी लाड. १८२२ साली गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले भाऊ १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाले. मुंबईत व्यवसायाचा जम उत्तम बसला; परंतु चार भिंतींत त्यांचे मन रमेना. औषधी वनस्पती व शिलालेख यांच्या शोधार्थ ते सदैव हिंडत असत. महारोगावर त्यांनी कडू कवठीच्या तेलाचा प्रयोग केला. ते औषध त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले, हे मात्र आम्हांस रुचत नाही.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला लेख त्यांनी स्वतः तेथे जाऊन उतरविला व १८६३ च्या सुमारास त्याचे वाचन प्रसिद्ध केले. वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने ते लेणे खोदविले, असे त्यात आहे. हे राजकुल आमच्या वत्सगुल्माचे, म्हणजे वाशीमचेच, ही गोष्ट १९३९ साली येथे सापडलेल्या ताम्रपटामुळे उलगडली. भाऊ तेव्हा कोठले असणार! पक्षाघाताने जर्जर होऊन ते १८७४ सालीच निवर्तले होते.