विश्लेषण : बंद केला तिथूनच सुरू होणारा संगणक! जेफ रास्किन कोण होते?

लॅपटॉपचे झाकण मिटले आणि तासाभराने उघडले, की अर्धवट सोडलेल्या वाक्याशेजारी कर्सर लुकलुकत असतो. आज याचे कुणालाच अप्रूप नाही. १९८०च्या दशकात मात्र संगणक बंद करणे म्हणजे मांडलेला सगळा पसारा आवरणे. सेव्ह करायचे राहिले तर काम गेले. पुन्हा सुरू करायचा तर फ्लॉपी, प्रोग्राम, फाइल असा नव्याने श्रीगणेशा. हा दोष वापरणाऱ्याचा नाही, यंत्र बनवणाऱ्याचा आहे, असे ठामपणे मानणाऱ्यांमध्ये जेफ रास्किन होते.

अ‍ॅपलपर्यंत कसे पोहोचले?

जन्म १९४३चा, न्यूयॉर्कचा. गणित, तत्त्वज्ञान आणि मग संगणकशास्त्र असे शिक्षण. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील विद्यापीठात ते कला विभागात शिकवत. ती नोकरी सोडताना त्यांनी हॉट एअर बलूनमधून कुलपतींच्या घरावरून फेरी मारली होती! संगीताचेही ते जाणकार होते. अ‍ॅपलशी संबंध आला तो मात्र माहितीपुस्तिका लिहिण्यातून. १९७८मध्ये ते कंपनीत रुजू झाले, ३१वे कर्मचारी म्हणून. यंत्र कुठे अडते हे पुस्तिका लिहिणाऱ्याला सर्वांत आधी कळते, आणि रास्किन यांच्या पुढच्या कामात ही नजर सतत दिसते.

मॅकिंटॉश हातून कसा गेला?

१९७९मध्ये त्यांनी स्वस्त, सोप्या संगणकाचा प्रकल्प सुरू केला. आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून नाव दिले मॅकिंटॉश. पुढे स्टीव्ह जॉब्स या प्रकल्पात उतरले, महागडा प्रोसेसर आला, माउस आला आणि सूत्रेही जॉब्स यांच्याकडे गेली. १९८२मध्ये रास्किन यांनी राजीनामा दिला. १९८४मध्ये बाजारात आलेला मॅक त्यांनी कल्पिलेल्या यंत्रापेक्षा बराच वेगळा होता.

‘कॅनन कॅट’मध्ये वेगळे काय होते?

रास्किन यांनी ‘इन्फर्मेशन अप्लायन्स’ ही कंपनी काढली. तिथे ‘स्विफ्ट’ नावाच्या लॅपटॉपचा नमुना तयार झाला, पण तो बाजारात पोहोचला नाही. त्यामागचा विचार टेबलावरच्या यंत्रात उतरला आणि जपानच्या कॅनन कंपनीने १९८७मध्ये ते ‘कॅट’ या नावाने विकायला काढले. किंमत १,४९५ डॉलर. माउस नाही, फाइलींची नावे नाहीत, एका फ्लॉपीत एकच सलग मजकूर.

खरी गंमत ते सुरू करताना होती. काम साठवताना कॅट मजकुरासोबत पडद्याचे चित्रही फ्लॉपीवर ठेवत असे. पुन्हा सुरू केल्यावर आधी ते चित्र समोर यायचे आणि बाकीचा मजकूर मागाहून मेमरीत भरला जायचा. आपण कुठे होतो हे आठवायला माणसालाही काही सेकंद लागतातच, तेवढ्यात यंत्र तयार! दरम्यान दाबलेल्या कळाही वाया जात नसत. वेग न वाढवता वाट पाहणे कमी करण्याची ही युक्ती इंजिनीअरला हेवा वाटावा अशी आहे. तुमच्या फोनमध्ये एखाद्या अ‍ॅपवर परत जाताना क्षणभर दिसतो तोही अनेकदा जुन्या पडद्याचा फोटोच असतो.

कॅटची विक्री साधारण २० हजारांवर थांबली. सुमारे सहा महिन्यांतच कॅननने उत्पादन बंद केले.

मग लॅपटॉपमध्ये ‘स्लीप’ कसे आले?

वेगळ्या वाटेने. टँडीच्या १९८३मधील मॉडेल १००ची मेमरी बॅटरीवर जिवंत राहत असे, त्यामुळे यंत्र बंद केले तरी मजकूर शाबूत. अ‍ॅपलचा पहिला बॅटरीवरचा मॅक, मॅकिंटॉश पोर्टेबल, १९८९मध्ये आला. वजन ७ किलोंच्या वर, पण त्यात स्लीपची सोय होती. कमी वीज खाणाऱ्या मेमरीमुळे तो काम लक्षात ठेवूनच झोपत असे. विंडोजवाल्या लॅपटॉपसाठी इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने वीज वाचवण्याचा सामाईक नियमसंच १९९२मध्ये आणला.

रास्किन यांनी २०००मध्ये ‘द ह्यूमेन इंटरफेस’ हे पुस्तक लिहिले. वापरणाऱ्याचे काम यंत्राने कधीही गमावू नये, हा त्यातला आग्रह. २६ फेब्रुवारी २००५ रोजी वयाच्या ६१व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ‘आर्ची’ या नव्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. त्यातही सेव्हचे बटण नव्हते.