लांडगे संपवायला निघालेला फॉरेस्ट ऑफिसर जमीन वाचायला कसा शिकला?

१९०९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या डोंगरात वनखात्याची काही पोरं कड्यावर बसून जेवत होती. खाली नदी. नदी ओलांडून एक प्राणी येताना दिसला. त्यांना वाटलं हरणी असेल. काठावर येऊन त्यानं अंग झटकलं तेव्हा कळलं, ही तर लांडगीण. तिला भेटायला झुडपातून तिची वाढलेली पिल्लंही बाहेर आली. पोरांनी बंदुका उचलल्या आणि रिकाम्या केल्या.

त्या पोरांमध्ये २२ वर्षांचे आल्डो लिओपोल्ड होते. त्या काळी हिशोब सोपा होता. लांडगे कमी तर हरणं जास्त, आणि लांडगे शून्य म्हणजे शिकाऱ्यांची चंगळ.

सोशल मीडियावर ही गोष्ट फिरते ती अशी, की मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यातली चमक विझताना पाहिली आणि माणूस बदलला. सिनेमात शोभेल, पण तसं झालं नाही. पुढची कित्येक वर्षं लिओपोल्ड न्यू मेक्सिकोत लांडगे आणि प्यूमा संपवायच्या मोहिमेत पुढे होते. ही आठवण त्यांनी लिहून काढली थेट १९४४ मध्ये. मधल्या ३५ वर्षांत काय झालं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ चा, आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठावरच्या बर्लिंग्टनचा. घरी टेबलं बनवायचा कारखाना. वडील शिकारी, पण स्वतःवर बंधनं घालून घेणारे. येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकून लिओपोल्ड वनखात्यात गेले. तिथं काम करताना त्यांना वाटायला लागलं की सगळ्याच रानात रस्ते कशाला पाहिजेत? त्यांच्या पाठपुराव्यामुळं १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं हीला नावाचं सुमारे साडेसात लाख एकरांचं रान तसंच राखायचं ठरलं.

आणि इथंच पहिला दणका बसला. लांडगे गेले होते, हरणं बेसुमार वाढली. रान खाऊन साफ व्हायला लागलं. मग हरणं कमी करायला शिकारी आत पोहोचले पाहिजेत, म्हणून त्याच राखीव रानातून खात्यानं रस्ता काढला. लांडगे मारण्याच्या बाजूनं आणि रस्त्यांच्या विरोधात, अशा दोन्हीकडं लिओपोल्डच होते. एका हातानं केलेलं दुसऱ्या हातानं पुसलं गेलं.

तोवर ते विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहायला आले होते. १९२८ मध्ये नोकरी सोडून त्यांनी वेगळंच काम घेतलं. बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या पैशावर, मध्य-पश्चिमेच्या राज्यांत शिकारीचे प्राणी-पक्षी किती उरलेत याची पाहणी. गावोगाव फिरताना एक कोडं पडत गेलं. दोन भागांत शेती सारखीच, गवत, झुडपं, झाडीही तेवढीच. मग एकीकडं लाव्यासारखे पक्षी भरपूर आणि दुसरीकडं शुकशुकाट, असं का?

उत्तर कागदावर चौकोन काढून समजतं. शेत, गवत, झुडपं आणि झाडी असे चार मोठे चौकोन एकमेकांना चिकटवा. चारही गोष्टी एकत्र भेटतात अशी जागा फक्त एक, मधला कोपरा. आता प्रत्येक चौकोनाचे चार तुकडे करा आणि आलटून पालटून बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा. जमीन तेवढीच, पण चारही भेटतील असे कोपरे झाले नऊ! लाव्याला दाणा शेतात मिळतो, घरट्याला गवत लागतं, ससाणा आला की झुडूप लागतं. त्याला फार लांब उडता येत नाही. हे सगळं हाकेच्या अंतरावर असेल तरच तो टिकतो.

म्हणजे काय किती आहे, एवढं मोजून भागत नाही. काय कशाच्या शेजारी आहे, तेही बघावं लागतं. १९३३ मध्ये आलेल्या ‘गेम मॅनेजमेंट’ या पुस्तकात लिओपोल्ड यांनी हे मांडलं, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठानं त्यांना या विषयाचं प्राध्यापकपद दिलं.

लँडस्केप इकॉलॉजी या विषयाचा गाभा हाच. हे नाव मात्र लिओपोल्ड यांनी दिलेलं नाही. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञानं विमानातून काढलेले फोटो अभ्यासताना १९३९ मध्ये ते वापरलं. पुढं १९८६ मध्ये रिचर्ड फोरमन आणि मिशेल गोद्राँ यांनी पुस्तक लिहून त्याची भाषा पक्की केली. कुठलाही प्रदेश म्हणजे तुकडे, त्यांना जोडणारे पट्टे, आणि भोवतालचा मोठा पसारा. आज वाघांच्या कॉरिडॉरबद्दल आपण बोलतो, तो त्यातलाच एक पट्टा. लिओपोल्ड यांच्या मांडणीतली एक बाजू नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्तही केली. कडा वाढल्या की लाव्याचं भलं होतं, पण दाट जंगलाच्या पोटात राहणाऱ्या पक्ष्यांचे हाल होतात. सगळीकडं बुद्धिबळाचा पट मांडून चालत नाही.

जमिनीवर हे करून बघायची संधी १९३३ मध्येच आली. विस्कॉन्सिनमधलं कून व्हॅली हे खोरं उभ्या उतारावरची नांगरट आणि गुरांची चराई यांमुळं ओघळींनी फाटलं होतं. पाऊस आला की माती थेट ओढ्यात. तिथं अमेरिकेतला पाणलोट विकासाचा पहिला मोठा प्रयोग झाला. लिओपोल्ड सल्लागार होते. चारशेहून जास्त शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले. उताराला आडवी, पट्ट्यापट्ट्यानं पेरणी, वरच्या चढावर चराईबंदी, ओघळींना बांध. एका शेतकऱ्यानं एकट्यानं करून उपयोग नव्हता, कारण पाणी सातबारा बघून वाहत नाही. आधी वनखातं फक्त झाडं बघायचं, शेतीखातं फक्त पीक. इथं पूर्ण खोरं एकत्र बघितलं गेलं.

१९३५ मध्ये ते जर्मनीत गेले. तिथं ओळीत लावलेली एकाच जातीची स्प्रूसची जंगलं आणि चारा घालून पोसलेली हरणं दिसली. पुढच्या वर्षी मेक्सिकोतल्या रिओ गाविलान नदीकडं गेले. तिथं लांडगे होते, प्यूमा होते, हरणंही होती आणि डोंगर हिरवे होते. इतकी वर्षं डोक्यात घोळणारं गणित तिथं सुटलं.

त्याची किंमत १९४३ मध्ये मोजावी लागली. विस्कॉन्सिनमध्ये हरणं वाढून हिवाळ्यात उपाशी मरत होती. राज्याच्या आयोगावर असलेल्या लिओपोल्ड यांनी माद्यांच्याही शिकारीला परवानगी द्यायची बाजू घेतली. सव्वा लाखाच्या आसपास हरणं मारली गेली आणि लोक खवळले. त्यांच्यावर तुटून पडायला एक वर्तमानपत्रच निघालं. हरीण वाचवा म्हणणाऱ्यांना वाचवायचं होतं ते हरीण, लिओपोल्ड बघत होते हरणाखालचं जंगल.

या सगळ्या धबडग्यात शनिवार-रविवार ठरलेले. १९३५ मध्ये विस्कॉन्सिन नदीकाठी त्यांनी पिकवून पिकवून टाकून दिलेली ८० एकर वाळवट जमीन घेतली होती. कोंबड्यांच्या खुराड्याची खोली करून पत्नी एस्टेला आणि पाच मुलांसह ते तिथं झाडं लावायचे. सुरुवातीची बरीच रोपं दुष्काळात जळाली, तरी दरवर्षी हजारो लावत राहिले. कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी आला, रोजची नोंद.

२१ एप्रिल १९४८. शेजारच्या शेतात गवताला आग लागली. ती विझवायला धावलेल्या लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते तिथंच गेले. वय ६१. त्यांचं पुस्तक छापायला होकार येऊन जेमतेम आठवडा झाला होता. ‘ए सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये आलं आणि पुढं त्याच्या लाखो प्रती खपल्या.

खुराड्याची ती खोली अजून उभी आहे. मुलगी नीना नंतर तिथंच जवळ राहायला आली आणि वडिलांसारख्या नोंदी ठेवू लागली. १९९९ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वह्या जुळवून पाहिल्या. वडिलांच्या काळाच्या तुलनेत अनेक फुलं आणि पक्षी आता लवकर येत होते.