चेंबूरच्या रानापासून भरतपूरच्या तळ्यांपर्यंत

चेंबूर हे एके काळी रान होते, हे आज सांगून पटणार नाही. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेल्या डॉ. सलीम अली यांच्या बालपणीच्या सुट्या तेथेच गेल्या. पोरक्या सलीमला मामांनी छऱ्यांची बंदूक दिली होती. तिने टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि मानद सचिव मिलार्ड यांनी संग्रहाचे कप्पे त्याच्यासमोर उघडले. पक्षिमित्रांना रुचो न रुचो, आरंभ असा शिकारीतून झाला.

जर्मनीत शिकून १९३० मध्ये ते परतले, तेव्हा नोकरी उरली नव्हती. किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील गाजलेले पुस्तक आले.

संस्थानिकांच्या बदकशिकारीचे भरतपूरचे पाणथळ स्वातंत्र्यानंतर शेतीसाठी जाऊ नये, म्हणून ते झटले. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. सलीम अली तिच्या बाजूने होते. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे दगावली. म्हशी गेल्यावर गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. चराई हा त्या पाणथळाच्या व्यवस्थेचाच भाग होता, असा निष्कर्ष अखेर त्यांच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने काढला. तो अहवाल पूर्ण होण्याआधीच, २० जून १९८७ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले होते.