बाटलीवरचं नाव

मैत्रिणींनो, घरात कुणी जुलाब-उलट्यांनी गळून गेलं की दवाखान्यात जी बाटली लावतात, तिच्यावर बऱ्याचदा ‘रिंगर लॅक्टेट’ असं लिहिलेलं असतं. डॉक्टर नुसतं ‘आरएल’ म्हणतात. नांदेड-लातूरकडच्या उन्हाळ्यात ही बाटली घराघरांच्या ओळखीची. पण त्यातलं रिंगर हे एका माणसाचं आडनाव, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. आज त्यांच्याविषयी सांगते.

सिडनी रिंगर यांचा जन्म इंग्लंडमधल्या नॉर्विच इथं १८३५ च्या सुमारास झाला. वडील लहानपणीच गेले. भाऊ व्यापारासाठी चीन-जपानकडे गेले, हे लंडनला जाऊन डॉक्टर झाले आणि युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातच त्यांनी हयात काढली. तरुणपणी त्यांचं लक्ष थर्मामीटरवर होतं. अंगातला ताप मोजून क्षय ओळखता येतो का, यावर त्यांनी १८६५ मध्ये पुस्तक लिहिलं. १८६९ मध्ये आलेल्या त्यांच्या औषधोपचारावरच्या ग्रंथाच्या तर तेरा आवृत्त्या निघाल्या.

रुग्ण तपासून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवत. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी योग्य द्रावणात ते बराच वेळ धडधडत राहतं. हे द्रावण नेमकं कसं हवं, हा त्यांचा शोध होता. मिठाच्या पाण्यात हृदय चांगलं चालतं, असं त्यांना आधी दिसलं आणि १८८२ मध्ये त्यांनी तसं छापलंही. पुढे मात्र त्याच मिठाच्या नव्या द्रावणात हृदय मंदावून थांबायला लागलं. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आधीचं द्रावण शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर साध्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं!

लंडनचं ते पाणी आपल्या बोअरच्या पाण्यासारखं जड. पातेल्याला पांढरा थर धरतो नं, त्यात कॅल्शियमच असतं. तेच हृदयाला चालवत होतं. दुसऱ्या कुणी ही गोष्ट झाकून ठेवली असती. रिंगर यांनी १८८३ मध्ये आपला आधीचा निष्कर्ष चुकला होता, हे स्वतःच छापून सांगितलं. शोधाइतकाच त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

आता हे कॅल्शियम करतं काय? प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशींची बारीक दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यामुळे पेशीच्या आतला साठाही मोकळा होतो आणि पेशी आकुंचन पावते. मग कॅल्शियम परत बाहेर आणि साठ्यात जातं, पेशी सैल होते. या दारांची उघडझाप तापमानावर अवलंबून असते. गारठ्यात ती मंदावते, कॅल्शियम परत नेणारी यंत्रणाही सुस्तावते. ऊब मिळाली की सगळं भराभर चालतं. म्हणून तर तापात छाती धडधडते. साधारणपणे एक अंश सेल्सियस ताप वाढला की मिनिटाला दहाएक ठोके वाढतात. रिंगर यांच्या तरुणपणाचं थर्मामीटर आणि उतारवयातलं कॅल्शियम असं पुढच्या काळात एकत्र आलं.

बायाबापड्यांनी हे का जाणायचं? नवजात बाळाचं अंग फार लवकर गार पडतं. ते फार गार पडलं तर ठोके मंदावतात, श्वासही अडखळू शकतो. तरी वस्त्यांवर फिरताना, बाळ जन्मल्याबरोबर त्याला न्हाऊ घालायचा आग्रह मला आजही दिसतो. पहिली अंघोळ किमान २४ तासांनी घालावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोवर बाळाला कोरडं पुसावं, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरावं, टोपडं घालून वरून पांघरूण द्यावं. खर्च शून्य.

रिंगर यांची एक मुलगी लहानपणीच वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी यॉर्कशायरमधल्या लास्टिंगहॅम गावचं जुनं चर्च दुरुस्त करवलं. १९०० मध्ये निवृत्त होऊन ते त्याच गावी राहिले आणि १९१० मध्ये तिथंच वारले. त्यांच्या द्रावणात लॅक्टेट घातलं ते हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी, १९३२ मध्ये. आज ती बाटली किती लेकरांना सावरते! ज्यांचं नाव तिच्यावर आहे, त्यांना मात्र ती पाहायला मिळाली नाही.