लाल गोळीमागची डॉक्टरीण

भोर असो की वेल्हे, सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची नोंद झाली की हातात लाल गोळ्या पडतात. मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून कितीतरी जणी त्या फडताळात ठेवून विसरतात. मैत्रिणींनो, या गोळीत लोहाच्या जोडीला फॉलिक अॅसिड असतं. त्याचा माग आपल्या मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तातून लागला, आणि तो काढला एका बाईनेच. त्या डॉ. लुसी विल्स.

त्यांचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, मग लंडनला बायकांच्या मेडिकल कॉलेजात जाऊन १९२० मध्ये डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना तेव्हा जीवघेणा पांडुरोग होई. लुसीबाईंनी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी लहान होतात. इथं त्या मोठ्या, पण कच्च्या होत्या. म्हणजे दुखणं वेगळंच! कारण सापडलं ताटात. या बायकांच्या जेवणात भाजीपाला, फळं नावालाच. तसाच निकस आहार दिलेल्या माकडालाही पांडुरोग झाला. मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने ते बरं झालं, आणि बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे जगासमोर मांडलं.

त्या अर्कातलं नेमकं काय लागू पडतं, हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अॅसिड वेगळं झालं. पुढे अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं. शरीरात रक्त कसं बनतं हे चिकाटीने पाहिलं, म्हणून औषध हाती आलं.

लुसीबाई १९६४ मध्ये गेल्या. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं तर बाळाच्या मेंदूचे आणि मणक्याचे काही जन्मजात दोष बरेचसे टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं.

तेव्हा गरोदरपणात दवाखान्याने सांगितल्याप्रमाणे गोळी रोज घ्या. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी बंद न करता आशाताईंना विचारा. गोळी चहाबरोबर मात्र नको. आणि पालेभाजी फार वेळ उकळून पाणी फेकू नका; पानातलं हे सत्त्व त्या पाण्याबरोबरच जातं.