उडदाच्या वाणातला ‘टी’ अन् अणुकायदा घडवणारे होमी भाभा

लातूर जिल्ह्यात खरिपाला उडीद पेरणाऱ्यांना टीएयू-१ हे वाण नवं नाही. त्यातला ‘टी’ म्हणजे मुंबईचं ट्रॉम्बे, ‘ए’ म्हणजे अकोला. ट्रॉम्बेचं अणुकेंद्र उभं केलं डॉ. होमी भाभा यांनी. शास्त्रज्ञ म्हणून ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहेत. पण देशाचा अणुकायदाही बराचसा त्यांच्याच विचारानं घडला, हे फारसं सांगितलं जात नाही.

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबईतलं पारशी घर, वडील वकील. शिक्षण केंब्रिजला. १९३९ मध्ये सुट्टीला आले अन् महायुद्ध पेटल्यानं इथंच राहिले.

स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा आला. युरेनियम, थोरियमसारख्या खनिजांवर केंद्र सरकारचा ताबा आला, माहिती गुप्त ठेवायचा अधिकारही मिळाला. इतकी गुप्तता कशाला, असा सवाल तेव्हाच सभागृहात झाला होता. पंतप्रधान नेहरू मात्र भाभांच्या पाठीशी राहिले. त्याच ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ मध्ये अणुऊर्जा खातं निघालं, सचिवही भाभाच. त्यामुळं कामं झपाट्यानं झाली. ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली. पण काम करणारा अन् तपासणारा एकच, ही खोटही तिथूनच राहिली. १९६२ च्या नव्या कायद्यानंही सगळं सरकारच्याच हातात ठेवलं.

१९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे नियम लिहिले जात होते. मदत घेणाऱ्या देशाच्या इंधनावर अन् त्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमवर संस्थेचा पहारा हवा, असा मोठ्या देशांचा आग्रह. भाभांनी तिथं कडक विरोध केला. गरजवंताच्या घराची झडती घ्यायची अन् बॉम्बवाल्यांना मोकळं सोडायचं, हे त्यांना पटत नव्हतं. काही अटी सैल झाल्या.

पुढं तारापूरसाठी मात्र १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, तिथलं इंधन अन् तपासणीची अटही घ्यावी लागली. भूमिका सोडली असं कुणी म्हणेल, पण देशाला वीज हवी होती.

याच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं एअर इंडियाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर कोसळलं. वय ५६. सुरक्षेची तपासणी करणारं वेगळं अणुऊर्जा नियामक मंडळ व्हायला १९८३ साल उजाडलं.