विश्लेषण : ५० डॉलरचा धडा आणि ‘सेंट लुईस ब्लूज’

ब्लूज म्हटले की ज्या मोजक्या गाण्यांची नावे आधी निघतात, त्यात ‘सेंट लुईस ब्लूज’ असतेच. १९१४ मध्ये छापलेले हे गाणे शतक उलटून गेले तरी गायले-वाजवले जाते. ते लिहिणाऱ्या विल्यम क्रिस्टोफर हँडी यांची ‘ब्लूजचे जनक’ ही ओळख मात्र तपासून घ्यावी अशी आहे.

हँडी कोण होते?

जन्म १६ नोव्हेंबर १८७३, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्सचा. आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले, वडील धर्मोपदेशक. मुलाने पैसे साठवून गिटार आणली, तर वडिलांनी ती परत करून शब्दकोश घ्यायला लावला. चर्चबाहेरचे संगीत त्यांना पाप वाटे. हँडी मग कॉर्नेट शिकले, तेही घरच्यांच्या नकळत.

गाणे कुठून आले?

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला कामाच्या शोधात ते सेंट लुईसला पोहोचले. काम मिळाले नाही. मिसिसिपी नदीच्या दगडी धक्क्यावर रात्री काढाव्या लागल्या. तिथेच नवऱ्यावाचून सैरभैर झालेली, रस्त्यात अडखळत स्वतःशी पुटपुटणारी एक बाई त्यांनी पाहिली. ती त्यांच्या डोक्यातून वीस वर्षे गेली नाही.

१९०३च्या सुमारास टटवायलर स्थानकात रखडलेल्या गाडीची वाट पाहताना, एक फाटक्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी फिरवत एकच ओळ तीनदा गाताना त्यांनी ऐकला. शेतमजुरांचे हे संगीत हँडी यांच्या आधीपासून होतेच. त्यांनी ते कागदावर उतरवले, बांधले आणि बाजारात आणले. त्यामुळे ‘जनक’ ही पदवी जरा जास्तच, पण काम लहान नव्हे.

हक्क का महत्त्वाचे ठरले?

१९१२ मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क त्यांनी अवघ्या ५० डॉलरना विकले. गाणे गाजले, पैसा दुसऱ्यांनी कमावला. हक्क परत मिळायला २८ वर्षे लागली. ‘सेंट लुईस ब्लूज’ मात्र त्यांनी भागीदार हॅरी पेस यांच्यासह स्वतःच प्रकाशित केले. त्या काळी कृष्णवर्णीय संगीतकाराने असे करणे धाडसाचेच. पुढे १९१८ मध्ये कंपनी न्यूयॉर्कला गेली आणि या एका गाण्याचे मानधन त्यांना अखेरपर्यंत मिळत राहिले.

ते टिकले कसे?

एक कारण रचनेत आहे. बारा बारच्या (बार म्हणजे येथे चार मात्रांचा तुकडा) ब्लूजमध्ये हँडी यांनी मधेच टँगोची लय आणली. टँगो तेव्हा नाचघरांत जोरात होता. दुसरे कारण गायिका बेसी स्मिथ. १९२५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटसह तिने केलेले ध्वनिमुद्रण आजही मापदंड मानले जाते. १९२९ मध्ये तिने याच नावाच्या लघुपटातही ते गायले. १९६७ मध्ये सेंट लुईसच्या आइस हॉकी संघालाही गाण्याचेच नाव मिळाले.

हँडी यांची दृष्टी उतारवयात पूर्ण गेली. २८ मार्च १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या जीवनावरचा चित्रपट प्रदर्शित झाला. हँडींच्या भूमिकेत होते नॅट किंग कोल, आणि चित्रपटाचे नाव अर्थातच ‘सेंट लुईस ब्लूज’.